पिवळी स्कूटर, चार ट्रॅक आणि शिवोलीचा रेमो

गोव्याच्या माणसाला संगीतात मोठे व्हायचे असेल तर त्याने आधी गोवा सोडायला हवा, हा आपल्याकडचा शंभर-दीडशे वर्षांचा अलिखित कायदा. मंगेशीचे दीनानाथ गेले, केरीच्या केसरबाई गेल्या, कुर्डीच्या मोगूबाई गेल्या, पुन्हा मंगेशीचेच अभिषेकीबुवा गेले. (कुर्डी तर पुढे साळावली धरणाच्या पाण्याखालीच गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाच्या खुणा वर येतात, आणि मग आपल्याला मोगूबाईंची आठवण येते. असो.) गेलेल्यांची नावे आपण अभिमानाने घेतो, कार्यक्रमांतून त्यांना 'गोमंतकाची देणगी' म्हणतो. पण देणगी म्हणजे दिलेली वस्तू. ती आपल्याकडे राहिलेली नसते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

हा झाला आपल्या, म्हणजे मराठी वाचणाऱ्या गोव्याचा हिशेब. नदीच्या पलीकडच्या, मांडो गाणाऱ्या गोव्याचा हिशेब याहून मोठा आहे, आणि आपल्याला तो फारसा ठाऊक नाही. पोर्तुगेज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून 'मेस्त' मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. हेतू एवढाच, की रविवारच्या प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत. परिणाम मात्र वेगळाच झाला. कागदावरचे संगीत बघताक्षणी वाजवू शकणारी माणसे अख्ख्या हिंदुस्थानात विरळ होती, आणि गोव्याच्या खेड्याखेड्यांत ती तयार होत होती. मग इंग्रजांच्या पलटणींचे बॅण्ड, संस्थानिकांचे बॅण्ड, मूकपटांच्या पडद्यापुढचे वादक, हॉटेलांतले जॅझ, आणि शेवटी हिंदी सिनेमा. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबेस्टियन डिसोझा होते. सी. रामचंद्रांच्या संगीतामागे हळदोण्याचे चिक चॉकलेट होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि त्यात लता मंगेशकर, मन्ना डे यांना गायला लावले. पण सिनेमाचे गाणे वाजले की नाव संगीतकाराचे आणि गायकाचे. ज्याने शंभर वादकांसाठी रात्र जागून कागद काळे केले, त्याचे नाव क्वचितच कुठे दिसे. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला माहीत झाले ते १९७७ साली, अमिताभ बच्चन मोठ्या अंड्यातून बाहेर पडला तेव्हा. त्यांचा शिष्य प्यारेलाल याने गुरूला वाहिलेले ते फूल होते. पण तेव्हा गुरू चित्रपटसृष्टी सोडून गेलेही होते.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की रेमो फर्नांडिसने काय केले हे या पार्श्वभूमीशिवाय कळत नाही. नुसते 'गोव्याचा पॉप गायक' म्हटले की डोळ्यांपुढे हुम्मा हुम्मा येते, आणि विषय तिथेच संपतो.

रेमोचा जन्म ८ मे १९५३ चा. घराणे शिवोलीचे, बालपण पणजीत. म्हणजे तो जन्माने पोर्तुगेज प्रजाजन. तो सव्वा वर्षाचा असताना दादरा आणि नगर हवेली पोर्तुगेजांच्या हातून गेली, आणि साडेआठ वर्षांचा असताना गोवा मुक्त झाला. त्याच्या लहानपणीच्या पणजीत एमिसोरा द गोवा हे रेडिओ केंद्र होते, घराघरांत गिटार होती, आणि परदेशातून येणाऱ्या नातलगांच्या बॅगेत रेकॉर्डी होत्या. लंडनहून आलेल्या अशाच एका नातलगाने बिल हेलीची 'रॉक अराउंड द क्लॉक' ही तबकडी आणली. सात वर्षांच्या रेमोने ती ऐकली आणि पोर कामातून गेले! पुढे एल्विस, मग बीटल्स, मग शाळेतला स्वतःचा बॅण्ड. त्या काळातल्या पणजीच्या पुष्कळ मुलांची हीच कथा असेल. फरक पुढे पडला.

अलिखित कायद्याप्रमाणे तोही मुंबईला गेला. सर जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकला, पदवी घेतली. त्याच वेळी मुंबईच्या 'सॅव्हेजेस' या नावाजलेल्या बॅण्डमध्ये वाजवले. तेव्हाच्या मुंबईत इंग्रजी बॅण्ड पुष्कळ होते, पण त्यांचा मुख्य उद्योग म्हणजे परक्यांची गाणी हुबेहूब वाजवणे. जितके हुबेहूब तितक्या टाळ्या. स्वतःचे गाणे सुरू केले की लोक सिगारेट ओढायला बाहेर जात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला, तेही रस्त्यात अंगठा दाखवून मिळेल त्या गाडीतून. फ्रान्समध्ये वेगवेगळ्या देशांच्या वादकांबरोबर वाजवले. आणि मग, इथे कायदा मोडला, तो परत आला. मुंबईला नव्हे. शिवोलीला.

१९८० च्या आसपासचे शिवोली म्हणजे काय? एका बाजूला शापोरा नदी, पलीकडे पेडणे, जायला फेरीबोट. २४ जूनच्या सांजांवाला फुलापानांनी सजवलेल्या होड्या. नाताळ सरला की जागोर, ज्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघांचाही मान. आणि हाकेच्या अंतरावर हणजुणे, जिथे जगभरचे हिप्पी येऊन पडलेले. म्हणजे जुने गाव आणि नवे जग यांच्यामध्ये चार-पाच किलोमीटरचे अंतर. रेमोची गाणी त्याच चार-पाच किलोमीटरांत जन्मली असे मला वाटते. त्याला गाव ठाऊक होता आणि जगही ठाऊक होते, आणि दोघांच्याही ढोंगाची त्याला गंमत वाटत होती.

मुंबईच्या कंपन्यांनी या गाण्यांना दाद दिली नाही. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. इंग्रजीत, गोव्याबद्दल, अनोळखी माणसाने लिहिलेली गाणी कोण विकत घेणार? एच. एम. व्ही.ची सद्दी अजून पुरती संपली नव्हती. पण नेमक्या त्याच काळात दोन यंत्रांनी संगीताच्या धंद्याचे गणित बदलायला घेतले होते. एक होते साधे कॅसेट. तबकडी दाबायला कारखाना लागतो, कॅसेट भरायला खोली पुरते. गुलशन कुमारने याच गणितावर आपले साम्राज्य उभारले. दुसरे होते चार ट्रॅकचे कॅसेट-रेकॉर्डर, ज्याला पोर्टास्टुडिओ म्हणत.

हे दुसरे यंत्र कसे चाले ते सांगायला हवे, कारण रेमोची सगळी कारागिरी त्यात आहे. आपल्या घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेटच्या एका बाजूला दोन पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला दोन. या यंत्रात चारही पट्ट्या एकाच दिशेने चालतात आणि प्रत्येकीवर वेगळा आवाज भरता येतो. पहिलीवर ताल भरायचा. तो कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये ऐकत दुसरीवर गिटार. त्या दोन्ही ऐकत तिसरीवर बास. आता एकच पट्टी उरली, आणि अजून बासरी, दुसरी गिटार, मुख्य आवाज, मागचे आवाज सगळे बाकी! मग युक्ती अशी, की पहिल्या तीन पट्ट्या मिसळून चौथीवर उतरवायच्या आणि त्या तीन पुन्हा मोकळ्या करायच्या. पण एकदा मिसळले की मागे फिरणे नाही. ताल थोडा मोठा झाला, गिटार दबली, तर ती जन्मभर तशीच. शिवाय प्रत्येक उतरवणीला फितीची ती सूंऽऽ अशी खरखर वाढते. म्हणजे पहिली ठोकणी देतानाच शेवटचे गाणे कसे ऐकू येणार आहे हे डोक्यात पक्के असावे लागते. आर्किटेक्चरच्या शिक्षणाचा उपयोग झाला तो इथे, असे मी म्हणतो. पाया भरतानाच छपराचे वजन ठाऊक असणे, हेच ते शास्त्र.

अशा रीतीने, शिवोलीच्या घरात, १९८४ साली 'गोवन क्रेझी' तयार झाली. शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्ये वाजवली त्याने, आवाज सगळे त्याचे, ध्वनिमुद्रण त्याचे, वेष्टनावरचे चित्रही त्याचे. आणि विक्रीही त्याचीच. आपल्या पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी घालून तो दुकानोदुकानी फिरे, ठेवायला देई, पुन्हा जाऊन हिशेब करी. आपल्याकडे पदेर सायकलवरून पाव घालतो ना, तस्से. 'स्वतंत्र संगीत' हा शब्द आज फार रुळला आहे. त्या वेळी त्याला नाव नव्हते, फक्त स्कूटर होती.

पाठोपाठ १९८५ साली 'ओल्ड गोवन गोल्ड', १९८६ साली 'पॅक दॅट स्मॅक', १९८७ साली 'बॉम्बे सिटी'. चार वर्षांत चार. यांतली दुसरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. तीत कोंकणी आणि पोर्तुगेज जुनी गाणी आहेत. लग्नाच्या मांडवात आजीआजोबा म्हणत ती. तरुण पोरांना त्यांची लाज वाटू लागली होती. डिस्कोच्या दिवसांत मांडो म्हणजे फाटका कोट. रेमोने ती गाणी बदलली नाहीत फार, पण त्यांच्याखाली बास गिटार आणि ड्रम घातले, आणि एकाएकी ती पोरांचीही झाली. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली असतीलच. ती नाट्यगीतांना ऑर्गन लागला तेव्हाही मुरडली गेली होती.

'पॅक दॅट स्मॅक' हेरॉईनच्या विरुद्ध. हणजुण्याचे हिप्पी म्हणजे रंगीत कपडे आणि पौर्णिमेच्या पार्ट्या, हे बाहेरच्यांचे चित्र. किनाऱ्यावरच्या गावांत त्या पार्ट्यांची दुसरी बाजूही पोहोचली होती. ज्याला हिप्पींची संगत वर्ज्य नव्हती, त्याने हे गाणे म्हणावे याला वजन होते. मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर रेमो उपदेश करू लागला की त्याचे गाणे जरा पातळ होते. त्याची खरी ताकद चिडवण्यात. १९९२ सालच्या त्याच्या एका संग्रहाच्या नावातच राजकारण्यांना रॉक एन् रोल जमत नाही असे त्याने सांगून टाकले. हे वाक्य भाषणात म्हटले असते तर कोणी ऐकले नसते.

राजकारण्यांवरून राजीव गांधींचा किस्सा. ऐंशीच्या दशकात पंतप्रधान गोव्यात आले असता सरकारी कार्यक्रमात रेमोला गायला बोलावले. त्याने त्यांनाच उद्देशून एक गाणे रचले, 'हॅलो राजीव गांधी'. त्यात स्तुतीबरोबर खरेखोटे सुनावलेलेही होते. दुसऱ्या दिवशी इथल्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. पाहुण्याचा अपमान, गोव्याची मान खाली, वगैरे. रेमोने काय करावे? त्याने कात्रणे जोडून सरळ पंतप्रधानांनाच पत्र लिहिले. आणि उत्तर आले! गाणे आपल्याला आणि सोनियांना आवडले, असे राजीव गांधींनी कळवले. मला या किस्स्यात पंतप्रधानांचा मोठेपणा दिसतो त्याहून जास्त आपल्या लोकांची घाबरगुंडी दिसते. ज्याला बोलले त्याला राग नाही, आणि आपण मात्र आधीच लाजेने चूर. साडेचारशे वर्षांच्या सवयी इतक्या सहज जात नाहीत.

१९८६ सालीच तो तेव्हाच्या पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनच्या आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवाला गेला आणि तीन पारितोषिके घेऊन आला. त्याच्या आदल्या वर्षी श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' आला होता. १९६१ चा गोवा, लोटलीतले मारियो मिरांडांचे घर, आणि वनराज भाटियांच्या संगीतात रेमोचा आवाज. गोव्यातल्या ख्रिस्ती घराकडे हिंदी सिनेमाने दारूच्या बाटलीशिवाय पाहिल्याची उदाहरणे बोटावर मोजण्याइतकी. त्यांतले हे एक. मग १९८७ साली 'जलवा', आणि रेमो देशभर झाला. ज्या कंपन्यांनी दार लावले होते त्यांनी आता ते उघडले.

आता थोडे अप्रिय लिहितो. १९९५ च्या 'बॉम्बे' मधले हुम्मा हुम्मा, १९९८ चे 'प्यार तो होना ही था' चे शीर्षकगीत, ही गाणी मलाही आवडतात. रेहमानने त्याचा आवाज ज्या खुबीने वापरला त्याला तोड नाही. पण तिथे रेमो म्हणजे फक्त आवाज. शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, वाद्ये दुसऱ्यांची. लोक त्याला ज्या गाण्यांसाठी ओळखतात त्यांत त्याचा वाटा एक-दशांश, आणि ज्यांत तो शंभर टक्के होता ती गाणी म्हापशाच्या पुढे किती जणांना ठाऊक? म्हणजे फिरून तोच जुना हिशेब. फरक इतकाच, की या वेळी नाव वेष्टनावर होते. फ्रँक फर्नांडनेही हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्य घालवले आणि पदरच्या हौसेने 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. त्यालाही आपले म्हणून काही करायचे होते. रेमोच्या पिढीला चार ट्रॅकचे यंत्र मिळाले, एवढे फ्रँकपेक्षा नशीब चांगले.

एकट्याने सगळे करण्याचा एक तोटाही आहे, तो त्याच्या चाहत्यांनी मानायला हवा. बॅण्डमध्ये कोणीतरी 'हे कडवे काढ' म्हणणारा असतो. शिवोलीच्या त्या खोलीत असा कोणी नव्हता. त्यामुळे काही गाणी लांबली आहेत आणि काही विनोद दोनदा सांगितले गेले आहेत. आणि दुसरे असे, की एकट्याचा कारखाना एकट्याबरोबरच राहतो. त्याच दशकात मुंबईच्या 'रॉक मशीन'ने स्वतःच्या गाण्यांची वाट धरली, ते पुढे १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झाले, त्यांच्या हाताखालून माणसे तयार झाली. शिवोलीला घराणे निर्माण झाले नाही. कदाचित त्याला ते नकोच असेल.

या सगळ्या काळात आपण मराठीवाले कुठे होतो? खरे सांगायचे तर भांडत होतो. १९८५ ते ८७ ही वर्षे राजभाषेच्या वादाची. रस्ते बंद, मोर्चे, डिसेंबर १९८६ मध्ये माणसेही मेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, ३० मे ला घटक राज्य. आमच्या घरी त्या दिवसांत कोंकणी गाणे लावणे म्हणजे बाजू घेणे होते, आणि मराठी भजन लावणे म्हणजे दुसरी बाजू घेणे. गाणी कधी नव्हे ती सावध झाली होती. १९६७ च्या जनमत कौलात उल्हास बुयांवच्या आवाजाने काय केले हे दोन्ही बाजूंना आठवत होते. अशा वेळी हा एक माणूस इंग्रजी, कोंकणी, पोर्तुगेज एकाच कॅसेटमध्ये भरून स्कूटरवर फिरत होता. मराठी त्याच्या गाण्यात फारशी नव्हती, याचे वाईट वाटते. पण आपणही त्याच्या दारी कोणते शब्द घेऊन गेलो? एकाही मराठी कवीला वाटले नाही, की हा माणूस आपल्या बार्देशातला आहे, याच्या गिटारीवर आपली ओळ बसते का पाहू.

२००७ साली त्याला पद्मश्री मिळाली. त्यानंतरचा मोठा बदल म्हणजे त्याने गोवा पुन्हा सोडला आणि पोर्तुगालमधले पोर्तो हे शहर जवळ केले. त्याने पोर्तुगेज नागरिकत्व घेतले आहे हे कळल्यावर गोव्यात बरीच चर्चा झाली, काही जणांनी तर देशप्रेमाचे तराजूच काढले. त्यांना कायदा माहीत नसावा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्याला आणि त्याच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्म नोंदवून नागरिकत्व मागता येते. तीच सोय दमण-दीवला, आणि दादरा-नगर हवेलीतल्या जुन्या नोंदी असलेल्यांनाही. म्हणजे सिल्वासा-खेरडीकडचा एखादा आदिवासी म्हातारा आणि पद्मश्री रेमो फर्नांडिस हे लिस्बनच्या कचेरीत एकाच रांगेत उभे राहू शकतात. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात पोर्तुगालने या सर्व प्रदेशांवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, पण माणसांच्या नोंदी पुसल्या नाहीत. भारत मात्र दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे एक घेतले की दुसरे सोडावे लागते. बार्देश, सासष्टीतल्या हजारो कुटुंबांनी हे केले, बहुतेकांनी इंग्लंडात नोकरीला जाण्यासाठी. हीथ्रोजवळच्या साउथॉलमध्ये किंवा स्विंडनमध्ये गेलात तर अर्धे सालसेत भेटेल. त्यांच्यावर कोणी अग्रलेख लिहिला नाही. रेमोवर लिहिला, कारण त्याने एकदा परत येऊन दाखवले होते, आणि आपण गृहीत धरले होते की तो कायमचा आपला.

२०२१ साली त्याचे आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले. जाडजूड आहे, गप्पिष्ट आहे, आणि त्याच्या गाण्यांसारखेच मधूनमधून लांबते. पण ऐंशीच्या दशकातला गोवा, कॅसेटची दुकाने, फेरीबोटी, हणजुण्याचे बाजार, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ते वाचावे. नुसते वाचू मात्र नये. आधी कुठून तरी 'ओल्ड गोवन गोल्ड' मिळवावी, चांगला हेडफोन लावावा, आणि गाण्याच्या आधीच्या दोन सेकंदांत फितीची ती बारीक खरखर ऐकू येते का ते पाहावे. मूळ कॅसेट मिळाली तर ती नक्की येईल.